एकोणीस कलमं आणि मुंगी

लहान मुलाला घेऊन लांबचा विमानप्रवास कसा करावा, यावर मोठ्या बाईंनी एक पत्रक लिहिलं होतं. त्यात एकोणीस कलमं होती. बाईंनी स्वतः विमान पाहिलं होतं ते गच्चीवर कपडे वाळत घालताना, मान वर करून.

ही गोष्ट कुणी विचारली नव्हती, म्हणून कुणाला कळली नव्हती. बाई पाळणाघर चालवायच्या. आपलं पोर रोज नऊ तास ज्यांच्या हातात असतं, त्यांना उलटे प्रश्न विचारायची आईबापांची छाती होत नाही.

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोरी आणि पुढे जाळी लावलेला व्हरांडा. दीड ते चार वर्षांची सोळा मुलं. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर सोळा खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक पिशवी आणि तिच्या डोक्यावर एक चित्र. बदक, छत्री, किल्ली, टोपी. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ही सोय. बाई एका बुटक्या स्टुलावर बसायच्या आणि आवाज कधीच चढवायच्या नाहीत. त्या फक्त चष्मा काढायच्या. चष्मा काढला, की सोळाच्या सोळा तोंडं मिटायची. नवीन आलेली एखादी आई दारातून हे बघायची आणि भारावून म्हणायची, "आमच्याकडे आकाशपाताळ एक करतो हो, तुमच्याकडे कसा गप्प बसतो?" यावर बाई अवघड ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखं थकलेलं हसायच्या. मुलांना पुसणं, भरवणं, चालवणं, निजवणं ही कामं धाकट्या बाई करायच्या. धाकट्या बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, पण मोठ्या बाई आधीच असल्यामुळे त्यांना दुसरं काही होता आलं नाही.

पत्रकाचा जन्म आठ वर्षांपूर्वी दारातच झाला. एक आई दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन बारा तासांच्या विमानाने जाणार होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने विचारलं, "बाई, काय करू?" बाईंनी पापणीही न लववता सात गोष्टी सांगितल्या. त्या आईने लिहून घेतल्या. मग दुसरी आई आली, तिला नऊ गोष्टी मिळाल्या. करता करता एकोणीस झाल्या, टाइप झाल्या, झेरॉक्स होऊन खुंट्यांवरच्या पिशव्यांत पडू लागल्या. कलम चार: "विमानात सर्वांच्या आधी चढावे." कलम सात: "लहान वस्तू कागदात गुंडाळून न्याव्यात व दर चाळीस मिनिटांनी एक पुडी मुलास उघडू द्यावी." कलम अकरा: "मोठ्यांनी स्वतः शांत राहावे. मूल आपला चेहरा वाचते." आणि शेवटचं, बाईंचं विशेष आवडतं: "वरील सर्व मनापासून केल्यास मूल रडत नाही." म्हणजे रडलंच, तर आपण मनापासून केलं नव्हतं, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

प्रवासाहून परत आलेले आईबाप डोळे खोल गेलेले, खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग, अशा अवस्थेत दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "पत्रकाचा फार उपयोग झाला हं बाई." दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोर त्याच हातांत द्यायचं असतं, त्यामुळे खरं बोलण्यात काही शहाणपण नव्हतं.

सगळं असं छान चाललं होतं आणि बाईंच्या लेकीला परदेशात नोकरी लागली. ती घर लावायला दीड महिना आधी गेली. मागे राहिले जावई आणि सव्वादोन वर्षांची नात. नातीचं खरं नाव फार सुंदर होतं, पण स्वतःपेक्षा मोठी वस्तू दिसली की ती ओढत न्यायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. उशी, बादली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची काठी, एकदा तर शेजाऱ्यांचं पायपुसणं. पाळणाघरातल्या सोळांत ती एक होती आणि चष्म्याचा प्रयोग जिच्यावर फसला अशी तेवढीच एक. पहिल्या दिवशी बाईंनी चष्मा काढला, तर ती शांतपणे चालत आली, चष्मा बाईंच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या नाकावर लावला. बाई म्हणाल्या, "घरचं मूल आहे, लाडावलंय." विज्ञानात याला अपवाद म्हणतात.

लेकीचा फोन आला. "आई, तूही चल ना यांच्याबरोबर. तीन महिने राहा. मुंगीला तुझी सवय आहे."

"येते की."

"पण तू कधी विमानात बसलेली नाहीस. यांना सांगून ठेवू का, म्हणजे ते जरा—"

"कुणाला काही सांगायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "विमानच आहे ना? बसायचंच असतं त्यात."

धाकट्या बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की बऱ्याच वर्षांनी विमानाचा योग येतोय. एकसष्ट वर्षं ही बरीचच म्हणायची.

जावयांबद्दल बाईंचं मत असं होतं: माणूस चांगला आहे, पण घरात आहे की नाही ते कळत नाही. मिक्सर, हीटर, पाण्याची मोटर अशा यंत्रांबरोबर खोक्यात जी सूचनापुस्तिका येते, ती लिहिण्याची त्यांची नोकरी. पंधरा वर्षं त्यांनी अशी पुस्तकं लिहिली जी लोक खोक्यासकट माळ्यावर टाकतात. त्यामुळे आपलं कुणी ऐकणार नाही हे गृहीत धरून, हळू आवाजात, एकदाच बोलायची त्यांना सवय लागली होती.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरताना ते म्हणाले, "आई, हातातल्या पिशवीत तुमचाही कपड्यांचा एक जोड ठेवूया का?"

"मला कशाला? मी काय अंगावर सांडणार आहे?"

"तुम्ही नाही, पण तुमच्या अंगावर—"

"जावईबापू, बावीस वर्षं झाली मला मुलं सांभाळून."

जावई थांबले. मग ते आपला एक टी-शर्ट घडी करून गुपचूप पिशवीच्या तळाशी ठेवताना बाईंना दिसले. बाईंनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्या पुड्या बांधत होत्या. एक विमान नऊ तासांचं, दुसरं पाच तासांचं, दर चाळीस मिनिटांना एक, म्हणजे एकवीस पुड्या. चमचा, जुनी किल्ली, रिकामं रीळ, बटणांची माळ, प्लॅस्टिकचा बेडूक. प्रत्येक पुडीवर क्रमांक.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून ती पिशवी गेली आणि पट्टा थांबला. हातमोजे घातलेली एक तपासनीस बाई पडद्याकडे बघत राहिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, धाग्याने बांधलेल्या, क्रमांक घातलेल्या एकवीस वस्तू.

"हे काय आहे?"

"वेळापत्रक," बाई म्हणाल्या.

हे उत्तर तपासनीस बाईंना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी एकवीसच्या एकवीस पुड्या उघडायला लावल्या. मुंगी शेजारच्या टेबलावर पाय हलवत बसून सगळं बघत होती. चौदा तासांची उत्सुकता चार मिनिटांत संपली. चमचा बघून झाला, किल्ली बघून झाली, बेडकाकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिला आवडला तो राखाडी ट्रे, ज्यात लोक बूट ठेवतात. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि घेऊन चालू लागली. ट्रे परत घेतल्यावर तिने जे भोकाड पसरलं, ते ऐकून मागच्या रांगेतल्या लोकांनी न सांगता आपापले बूट काढून ठेवले.

विमानाच्या दारासमोरच्या हॉलमध्ये जावई म्हणाले, "मी पिशव्या घेऊन पुढे जातो. तुम्ही दोघी अगदी शेवटी या. तोवर तिला इथे पळू द्या."

"सर्वांच्या आधी चढायचं असतं," बाई म्हणाल्या. कलम चार.

ते सर्वांच्या आधी चढले. त्यानंतर उरलेलं जग एकेक करून चढलं, वर पिशव्या कोंबल्या, जागा बदलल्या, शाली मागितल्या. यात पन्नास मिनिटं गेली. मुंगी मधल्या सीटवर होती आणि पहिल्या पाच मिनिटांतच तिने समोरची ताटली उघडून, मिटून, पुन्हा उघडून तिच्यातली सगळी गंमत संपवली होती. जावयांनी मोठ्या आदराने खिडकीची जागा सासूबाईंना दिली होती. बाईंना त्या खिडकीपेक्षा संडासाशेजारी बसणं परवडलं असतं, पण बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे बोलून दाखवता येत नाही.

विमान धावायला लागलं. बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. बाहेरची जमीन आधी वेगाने मागे गेली आणि मग सरळ खालीच गेली. पाचावर धारण बसली म्हणजे काय, हे त्यांना पहिल्यांदा नीट समजलं. मुंगीने मान वळवून आजीकडे बघितलं. कलम अकरामध्ये लिहिल्याप्रमाणे तिने आजीचा चेहरा वाचला. वाचून झाल्यावर तिने टाहो फोडला.

पाळणाघरात कुठलंही मूल चार मिनिटांच्या वर रडलेलं नव्हतं. मुंगी एक्केचाळीस मिनिटं रडली. बाईंनी गोष्ट सांगून पाहिली, केळं दिलं, चमचा दिला, किल्ली दिली. शेवटचा उपाय म्हणून चष्मा काढला. मुंगीने तो घेतला आणि पुढच्या सीटच्या फटीतून टाकून दिला. पुढच्या गृहस्थांनी तो बुटाखालून काढून एक काडी वाकलेल्या स्थितीत मोठ्या सभ्यपणे परत केला. त्यांनी जे बोलायचं टाळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हवाईसुंदरी वाकून म्हणाली, "मावशी, पहिलीच वेळ का?"

"हो, हिची पहिलीच," बाई मुंगीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

एवढ्यात मागच्या बाजूने एक तरुण बाई आली. कडेवर एक पोर, बोटाला दुसरं, दोन्ही एकाच साच्यातली. केस सुटलेले, एका पायात चप्पल, पण चेहरा मात्र शांत. जुळ्यांच्या आईला जी एक प्रकारची विरक्ती येते, ती तिला आलेली होती.

"घ्या हे," ती म्हणाली आणि एक कागद पुढे केला. "तुम्हाला लागेल."

बाईंनी वाकडा चष्मा नाकावर बसवला. झेरॉक्सचं झेरॉक्स काढून अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी जाड झाली होती आणि खालचं सहीचं टोक कापलं गेलं होतं, पण कलमं एकोणीसच्या एकोणीस होती.

"कुठे मिळालं?" बाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"नणंदेकडून. तिच्या ओळखीत कुणी पाळणाघरवाल्या आहेत म्हणे."

"चांगलं आहे का?"

"छे हो!" जुळ्यांची आई मनापासून हसली. "या बाई मूल घेऊन कधी बसने तरी गेल्यात की नाही, देव जाणे. हे बघा ना, सर्वांच्या आधी चढावे! म्हणजे काय, एक तास आगाऊ मार खायचा? आणि हे शेवटचं तर वाचा. मनापासून केल्यास मूल रडत नाही! हे वाचून मी मागच्या वेळी संडासात जाऊन रडले होते. म्हटलं, माझंच मन कमी पडत असणार."

बाई कागद उलटून बघत म्हणाल्या, "मग जवळ कशाला ठेवलंय?"

"फाडायला. कागद जाड आहे. दोघांना मिळून दहा मिनिटं जातात. चार प्रती आहेत माझ्याकडे, त्यातली एक तुम्हाला."

बाईंनी जावयांकडे पाहिलं. आता हा माणूस बोलणार, अहो, या बाई म्हणजे ह्याच! त्याला तसा हक्कही होता. पुड्या, चढणं, कपड्यांचा जोड, एवढा सगळा हिशेब एका वाक्यात चुकता होण्यासारखा होता. जावयांनी मुंगीच्या नाकाखालचं पुसलं आणि विचारलं, "ताई, तुमचे दोघं किती महिन्यांचे?"

"एकोणीस."

"दात येतायत का?"

"चार. दोघांना मिळून आठ."

मग दातांवर बोलणं झालं आणि जुळ्यांची आई पुढच्या फेरीला निघून गेली. मुंगीने कागद हातात घेतला, मधोमध फाडला आणि पहिल्यांदाच गप्प बसली. कलम एक ते नऊ डाव्या हातात, दहा ते एकोणीस उजव्या.

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं?"

"हेच. पत्रक कुणाचं ते."

जावई नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "आई, मी पंधरा वर्षं मिक्सरची पुस्तकं लिहितोय. घरी मिक्सर तुमची लेक चालवते. मला अजून त्याचं झाकण नीट बसवता येत नाही. दोनदा चटणी छताला लागलीय."

बाईंना हसू आलं. आवरेना. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, कारण रडणं थांबून आता हे काय सुरू झालं, असं त्यांना वाटलं असावं.

"मी कधी विमानात बसलेले नाहीये," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"माहीत आहे."

"लेकीने सांगितलं?"

"नाही. तुम्ही सीटच्या पट्ट्याची गाठ मारली होती."

बाईंनी मांडीकडे बघितलं. गाठ अजून होती. जावयांनी ती सोडवली आणि पट्टा खटकन बसवून दिला. हे करताना त्यांनी मुंगीलाही दाखवलं, म्हणजे हे आजीसाठी चाललंय असं वाटू नये.

"मग आता काय करायचं?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न बाईंनी कुणाला विचारल्याचं बावीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

"मला कुठे माहीत? आधी तिचे बूट काढू."

बूट काढले. मग मोजे काढले. पट्ट्याचा दिवा केव्हाच विझला होता, तेव्हा जावयांनी तिला खाली सोडलं आणि हातात पाण्याची मोठी बाटली दिली. मुंगीचा चेहरा उजळला. बाटली तिच्या छातीएवढी होती. ती दोन्ही हातांनी कवटाळून ती चालत निघाली, थेट मागच्या टोकापर्यंत, जिथे हवाईसुंदऱ्या चहा करतात. तिथे बाटली ठेवली, उचलली, परत आली. दुसऱ्या फेरीला उशी. तिसऱ्या फेरीला पुढच्या गृहस्थांची उशी, त्यांना न विचारता. चौथ्या फेरीला गृहस्थांनीच आपलं मासिक पुढे केलं.

बाई पाठोपाठ चालत होत्या. आपल्या पाळणाघरात मुलं गप्प बसतात, याचा त्यांना फार अभिमान होता. गप्प बसून त्यांना नक्की काय मिळतं, हा विचार त्यांच्या डोक्यात विमानाच्या संडासापाशी उभं असताना आला. जागा काही विचार करायची नव्हती, पण तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या तासाला मुंगी कान चोळायला लागली आणि विनाकारण खिदळायला लागली. जावयांना वाटलं, पोरगी मजेत आहे. ते म्हणाले, "अजून दोन फेऱ्या मारू."

"नको," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटांत झोपणार आहे. आत्ता झोपवली नाही, तर दोन तास डोक्यावर नाचेल."

हे कुठल्याच कलमात नव्हतं. हे बावीस वर्षांत सोळा-सोळा मुलांचे कान बघून आलेलं होतं, आणि इतकं साधं, की लिहिण्यासारखं बाईंना कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी मुंगीला आडवं, पोटावर, आपल्या मांडीवर घेतलं आणि पाठीवर थापटायला लागल्या. धाकट्या बाई थापटायच्या तशाच संथ. सातव्या मिनिटाला मुंगीचा तळवा उघडा पडला आणि त्यातून कलम बारा ते चौदा खाली गळालं. जावयांनी सासूबाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की बाईंना ते पाळणाघराच्या दारातल्या एखाद्या नवीन आईसारखे वाटले. फरक इतकाच, की या वेळी कौतुक खरं होतं.

मुंगी दोन तास दहा मिनिटं झोपली. तेवढा वेळ बाई हलल्या नाहीत. त्यांचा डावा पाय आधी मुंग्यांनी भरला आणि मग त्यांचा राहिलाच नाही. ती झोपण्याआधीच त्या दोन पेले पाणी प्यायल्या होत्या, आणि मांडीवर झोपलेलं मूल असताना मोठ्या माणसाने बाथरूमचं काय करायचं, याबद्दल सगळ्या साहित्यात एक ओळही नव्हती.

दुसरं विमान लहान होतं. आता ते शेवटी चढले. मधल्या विमानतळावरच्या हॉलमध्ये मुंगी तासभर पळाली होती आणि तिने एका प्रवाशाची चाकाची बॅग जवळजवळ दुसऱ्या देशाच्या दारापर्यंत नेली होती. वर गेल्यावर तासाभराने ढग लागले आणि विमान उसळायला लागलं. पट्ट्याचे दिवे लागले. पेले घरंगळले. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. बाईंनी मुंगीला घट्ट जवळ घेतलं. डोळे मिटले.

विमान एकदा धप्पकन खाली बसलं. मुंगी खदखदून हसली.

"पुना!" ती म्हणाली.

विमानाने तिचं ऐकलं. पुन्हा एक धक्का.

"पुना! आजी, पुना!"

बाईंनी एक डोळा उघडला. पोरगी झोपाळ्यावर बसल्यासारखी टाळ्या पिटत होती. तिच्या दृष्टीने आत्तापर्यंतच्या प्रवासातली ही पहिली करमणूक होती. सहाव्या धक्क्याला बाईंच्या तोंडून हळूच, जमेल तितकं, "पुन्हा" निघालं. आवाज कापरा होता, पण शब्द बरोबर होता. सातव्या धक्क्याला मुंगीला आपण केळं, दूध आणि तीन बिस्किटं खाल्ल्याचं आठवलं आणि ते सगळं तिने आजीच्या अंगावर, खांद्यापासून मांडीपर्यंत, परत केलं.

मुंगीसाठी पिशवीत पाच जोड होते. बाईंसाठी एकही नव्हता. ढग संपल्यावर जावयांनी पिशवीच्या तळातून टी-शर्ट काढून सासूबाईंना दिला. त्यांच्या कंपनीचा होता, छातीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: "वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचा."

"दुसरा नाही?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्यावर हीटरचं चित्र आहे."

बाईंनी सूचनावाला घातला.

विमान उतरायला लागलं, तेव्हा मुंगीचा कान दुखला. बाईंनी तिला घोट घोट पाणी पाजलं आणि ती थांबली. कलम सोळा: "उतरताना मुलास गिळण्यास काहीतरी द्यावे." एकोणिसांतलं हे एक खरं निघालं. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तो शेजारून जाणाऱ्या हवाईसुंदरीला थांबवून सांगितला. ती म्हणाली, "हो मावशी, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं."

लेक बाहेर उभी होती. तिने आधी मुंगीला उचललं, मग आईची छाती वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"आई, कसा झाला प्रवास?"

या प्रश्नाचं तयार उत्तर आठ वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. बाई म्हणाल्या, "एक्केचाळीस मिनिटं रडली. माझ्यामुळे. मी घाबरले होते. मग तुझ्या नवऱ्याने सांभाळलं, तिला आणि मला." जावई सामानाच्या गाडीचं चाक का अडकतंय ते वाकून बघायला लागले. चाक अडकलेलं नव्हतं.

महिनाभराने धाकट्या बाईंचा फोन आला. "मोठ्या बाई, बदकवाल्या मुलाची आई आलीय. उद्या विमानाने जातेय. पत्रकं संपलीत, झेरॉक्स काढून आणू का?"

"नको. तिला सांगा, हातातल्या पिशवीत स्वतःचा कपड्यांचा एक जोड ठेव. आणि पोर कान चोळायला लागलं, की लगेच झोपव."

पलीकडे पेन थांबलं. "बाकीची सतरा?"

"बाकी काही नाही. बाकी तिचं पोर काय ते सांगेल."

"अहो, दोनच?" धाकट्या बाईंचा आवाज काळजीने भरला. "लोकांना वाटेल, आपल्याला काही येत नाही."

"ते कान चोळण्याचं तुम्हालाही माहीत होतं ना?" बाईंनी विचारलं.

"हो. पहिल्यापासून."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तुम्ही विचारलं नाहीत," धाकट्या बाई म्हणाल्या, आणि बदकवाल्या मुलाच्या आईला निरोप द्यायला गेल्या.

तीन महिन्यांनी बाई एकट्याच परत निघाल्या. या वेळी मांडी मोकळी होती, चष्मा सरळ होता, पट्टा पहिल्या झटक्यात लागला. एखाद्याला वाटेल, काय सुखाचा प्रवास! विमान धावपट्टीकडे वळलं आणि बाईंचे हात आपोआप खुर्चीचे हात शोधायला लागले. शेजारच्या सीटवर एक बाप होता, मांडीवर वर्षभराचं पोर, त्याचा अंगठा तोंडात.

"मी घेऊ का थोडा वेळ?" बाईंनी विचारलं.

बापाने पोर इतक्या झटकन दिलं, की विचारल्यासारखंही वाटलं नाही. वर आल्यावर तो दोनदा म्हणाला, "तुमचे फार उपकार झाले हो, मावशी." पलीकडच्या रांगेतल्या आजीबाईही कौतुकाने म्हणाल्या, "किती माया आहे बघा, परक्या पोराची."

बाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. विमान वर चढत होतं, पोर जड आणि गरम होतं, आणि त्याने बाईंचं बोट मुठीत पकडलं होतं. जमीन दिसेनाशी होईपर्यंत बाईंनी ते सोडवून घेतलं नाही. मग बापाने विचारलं, "मावशी, याला एवढ्या लांब कसं सांभाळायचं, काही सांगाल का?"

"जेवला किती वाजता?" बाईंनी विचारलं.